गेंड्यासाठी धाव

लंडनच्या वार्षिक मॅरेथॉन शर्यतीत गेली अनेक वर्षे एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. हजारो धावपटूंच्या लोंढ्यात मधूनच एक करडा गेंडा डुलत डुलत पुढे येताना दिसतो. नाकावर शिंग, पाठीवर जाड कातड्याच्या घड्या, आणि खाली मात्र माणसाचे दोन पाय. या पोशाखाचे वजन सुमारे १० किलो असते. आत हवा खेळत नाही, समोरचे धड दिसत नाही. अशा अवस्थेत त्या माणसाला ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर काटायचे असते. पट्टीचे धावपटू सव्वादोन तासांच्या आत शर्यत संपवून विसावलेले असतात. गेंड्यातला माणूस पाच-सहा तासांनी शेवटच्या रेषेपाशी येतो. त्याला कोणतेही पारितोषिक मिळायचे नसते. त्याच्या नावावर परिचितांनी आणि अपरिचितांनी काही रक्कम लावलेली असते, आणि ती आफ्रिका व आशियातील गेंड्यांच्या रक्षणासाठी जायची असते.

हा प्रकार प्रथमदर्शनी पोरकट वाटतो. प्रस्तुत लेखकालाही तो तसाच वाटला होता. गेंड्यांसाठी पैसे द्यायचे असतील तर सरळ द्यावेत. त्यासाठी कोणी तरी घामाघूम होऊन धावण्याचे कारण काय, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात येईल. परंतु लांब पल्ल्याच्या धावण्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला, तर या विचित्र दृश्यामागे एक जुनी परंपरा उभी असल्याचे ध्यानात येते. ती परंपरा खेळाडूची नाही. ती निरोप्याची आहे.

मॅरेथॉनची कथा सर्वांना ठाऊक असते. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने इराणी सैन्याचा पराभव केला, विजयाची वार्ता घेऊन एक सैनिक अथेन्सला धावत गेला, आणि 'आपण जिंकलो' एवढे सांगून तेथेच गतप्राण झाला. कथा हृदयस्पर्शी खरी, पण ती ज्यांच्या ग्रंथांतून येते ते प्लुटार्क आणि लुशियन हे लेखक त्या लढाईनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी होऊन गेले. लढाईला सर्वांत जवळचा इतिहासकार हेरोडोटस. त्याने या मृत्यूचा उल्लेखही केलेला नाही. त्याने सांगितलेली हकीकत वेगळीच आहे. लढाईपूर्वी अथेन्सच्या सेनापतींनी फिडिपिडीस नावाच्या व्यावसायिक दूताला स्पार्टाकडे पाठविले. हे अंतर सुमारे २४० किलोमीटरचे. तो निघाल्यापासून दुसऱ्याच दिवशी तेथे पोहोचला. त्याने विजयाची वार्ता नेली नव्हती. तो मदत मागण्यासाठी गेला होता. स्पार्टाच्या लोकांनी मदतीचे वचन दिले, पण पौर्णिमेपूर्वी सैन्य बाहेर काढणे आमच्या धर्मनियमात बसत नाही, असे सांगून त्याला परत पाठविले.

पुढे १८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने दोन्ही कथा एकत्र गुंफून एक कविता लिहिली. १८९६ मध्ये अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिकचा आरंभ झाला, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून मॅरेथॉनची शर्यत ठेवण्यात आली. स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक तरुण ती जिंकला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडागारापर्यंत २६ मैल ३८५ यार्ड अंतर ठरविण्यात आले, आणि १९२१ मध्ये तेच कायम झाले. अशा रीतीने मदत मागायला गेलेला दूत मागे पडला, विजयवार्ता सांगणारा वीर पुढे आला, आणि दूताचे काम ही स्पर्धा झाली.

निरोप्याचे हे काम आपल्या घराण्यांना परके नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपले पूर्वज स्थायिक झाले, तेव्हा पुण्याशी त्यांचा धागा जोडून ठेवणारे लोक जासूद आणि कासीद हेच होते. पेशवे दफ्तरातील पत्रांतून 'जासूदजोडी पाठविली' असा उल्लेख वारंवार येतो. दोघे बरोबर निघत, म्हणजे वाटेत एकाचे काही बरे-वाईट झाले तरी दुसरा निरोप पोहोचवी. कुमक हवी, रसद हवी, खजिना हवा, अशीच मागणी या पत्रांत बहुधा असे. पानिपताच्या रणातून वेळेवर मदत मागणारी पत्रे अशाच पायांवर अवलंबून होती. पळणाऱ्या माणसाचे नाव इतिहासात सहसा राहत नाही. निरोप पोहोचला की नाही, एवढेच राहते.

स्पर्धा म्हणून मॅरेथॉन भारतात आली, तिच्याही आरंभी आपल्या परिसरातील एक नाव आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ मधली. १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा या संस्थेचे अध्यक्ष होते. तेथील क्रीडास्पर्धांत शेतकरी कुटुंबांतील मुले अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. ना नीट मैदान, ना शिक्षक, ना सकस आहार. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तोलण्याजोग्या होत्या. या मुलांना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवावे, असे दोराबजींनी मनावर घेतले. काही खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. उरलेला सरकारी साहाय्यातून आणि वर्गणीतून उभा राहिला. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरची, म्हणजे नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होती. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत जिंकले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत, १९ व्या क्रमांकाने आले. दातार हे दुसरे मराठी धावपटूही त्या शर्यतीत उतरले होते, पण त्यांना ती पूर्ण करता आली नाही. बेळगावसारख्या गावातून निघालेला तरुण जगातल्या पहिल्या विसांत यावा, ही गोष्ट आजही अभिमानाने सांगावी अशी आहे.

या प्रसंगात पैशाचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहत होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. १९२० मध्ये लोकांनी वर्गणी काढली ती धावणाऱ्यासाठी. माणसाला धावता यावे म्हणून पैसा गोळा झाला. त्यानंतर साठ वर्षांत हा प्रवाह उलटा वाहू लागला, आणि पैसा गोळा व्हावा म्हणून माणसे धावू लागली. हे कसे घडले, हा आपल्या विषयाचा गाभा होय.

वन्य प्राण्यांसाठी सामान्य माणसांकडून मोठी रक्कम उभी राहू शकते, याचा प्रत्यय १९६१ मध्ये आला. त्या वर्षी जागतिक वन्यजीव निधी ही संस्था स्थापन झाली. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'डेली मिरर' या लोकप्रिय दैनिकाने आपली अनेक पाने धोक्यात आलेल्या प्राण्यांसाठी दिली, आणि पहिल्या पानावर आफ्रिकेतील गेंड्याच्या मादीचे तिच्या पिलासह छायाचित्र छापले. माणसाच्या लोभापायी हा प्राणी नष्ट होणार, असा त्यासोबतच्या मजकुराचा आशय होता. थोड्याच दिवसांत वाचकांकडून सुमारे ६०,००० पौंड जमा झाले. कामगारवर्गाचे ते वर्तमानपत्र. देणाऱ्यांनी गेंडा प्राणिसंग्रहालयाबाहेर कधी पाहिलाही नसेल. असे असूनही त्यांनी दिले.

दुसरा धडा कॅनडातून आला. टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय कर्करोगामुळे गुडघ्याच्या वर कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनचे अंतर तो काटत असे. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले, आणि जून १९८१ मध्ये त्याचा मृत्यू झाला. दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर ही त्याची मागणी त्याच्या हयातीतच पूर्ण झाली. जमलेली रक्कम २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली. त्याचा विषय पर्यावरणाचा नव्हता. पण एका माणसाचे दीर्घ, दिसणारे कष्ट हेच आवाहन होऊ शकते, हे त्याने जगाला दाखविले. ते पाय कोणासाठी झिजत आहेत, हे विचारल्यावाचून पाहणाऱ्याला राहवत नाही. आणि ते विचारले की निरोप पोहोचतो.

हे दोन्ही धागे जेथे एकत्र आले ते स्थळ लंडन, आणि ते एकत्र आणणारा मुख्य माणूस म्हणजे ख्रिस ब्रॅशर. १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल धावण्याचा विक्रम केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात पुढे राहून वेग ठरवून देणारा धावपटू हाच. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत तो पहिला आला, मग बाद ठरला, आणि अपिलानंतर पुन्हा विजेता ठरला. पुढे तो पत्रकार झाला. १९७९ मध्ये जॉन डिझली या आपल्या मित्रासह तो न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये धावला, आणि सर्व वर्णांची, सर्व थरांची माणसे एका शहरात एकत्र धावताना पाहून भारावून गेला. लंडनला असे काही जमेल का, असा प्रश्न त्याने 'ऑब्झर्व्हर' मधील लेखात विचारला. २९ मार्च १९८१ रोजी भर पावसात लंडनची पहिली मॅरेथॉन झाली. अमेरिकेचा डिक बेअर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमन्सन हे दोघे हातात हात घालून एकदमच शेवटच्या रेषेवरून गेले. ६,२५५ जणांनी ती शर्यत पूर्ण केली.

ब्रॅशरच्या चरित्रातील दुसरी बाजू शर्यतीच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही. तो गिर्यारोहक होता, आणि स्कॉटलंडच्या रानावर त्याचा जीव होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील नॉयडार्ट हा निर्जन द्वीपकल्प विक्रीला निघाला आणि संरक्षण खाते तो घेणार अशी चिन्हे दिसू लागली. त्या अस्वस्थतेतून १९८३ मध्ये ब्रॅशर व त्याचे सहकारी यांनी जॉन म्यूर ट्रस्ट ही संस्था स्थापिली. जॉन म्यूर हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत योसेमिटीच्या रक्षणासाठी झटलेला निसर्गप्रेमी. १८६७ मध्ये त्याने सुमारे हजार मैलांची पदयात्रा केली होती. ट्रस्टने १९८७ मध्ये नॉयडार्टमधील जमीन आणि २००० मध्ये ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस ज्या जमिनीवर आहे ती विकत घेतली, रानाला रानच राहू द्यावे म्हणून. सर्वसामान्यांची मोठी शर्यत आणि निसर्गरक्षणाची संस्था, दोन्ही एकाच माणसाने दोन वर्षांच्या अंतराने उभ्या कराव्यात, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. स्वतःच्या पायांनी जमीन तुडविणाऱ्यालाच तिचे मोल कळते.

आता गेंड्याकडे वळू. आफ्रिकेतील काळा गेंडा १९७० मध्ये सुमारे ६५,००० होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास ही संख्या २,४०० च्या आसपास आली. म्हणजे पंचवीस वर्षांत शंभरातले शहाण्णव गेंडे गेले. कारण एकच, शिंग. ते हाड नव्हे. आपल्या नखांत आणि केसांत असते त्याच केराटिन द्रव्याचे ते बनलेले असते. पण येमेनमध्ये खंजिरांच्या मुठींसाठी आणि पूर्व आशियात औषधासाठी त्याला सोन्यासारखा भाव येत असे. १९७७ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये शिंगांच्या व्यापारावर बंदी आहे, पण चोरटी शिकार बंदीने थांबली नाही.

आपल्याकडेही या प्राण्याची कथा जुनी आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे. अहमदनगर जिल्ह्यात (आज त्याचे नाव अहिल्यानगर) प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये चार ब्राँझ शिल्पे मिळाली, त्यांतही चाकांवर उभा केलेला एक गेंडा आहे. पेशावरच्या परिसरात आपण गेंड्यांची शिकार केल्याचे बाबराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. एके काळी सिंधूपर्यंत पसरलेला हा प्राणी विसाव्या शतकाच्या आरंभी आसाम-बंगाल व नेपाळच्या तराईत जेमतेम दोनशेच्या घरात उरला होता.

लंडनच्या गेंड्याचा जन्म मात्र रंगभूमीवर झाला. युजीन आयनेस्को या नाटककाराच्या एका प्रसिद्ध नाटकात गावातील माणसे एकामागून एक गेंडे होत जातात. झुंडीत मिसळून माणूसपण हरवणे, हा त्याचा आशय. त्या नाटकावर आधारित एका संगीत प्रयोगासाठी १९९० मध्ये व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ यांच्या कल्पनेनुसार गेंड्यांचे पोशाख बनविण्यात आले. प्रयोग संपले, पोशाख उरले. १९९२ मध्ये विल्यम टॉड-जोन्स हा कलावंत त्यांपैकी एक अंगावर चढवून लंडनची मॅरेथॉन धावला. १९९४ मध्ये 'सेव्ह द राइनो इंटरनॅशनल' ही संस्था रीतसर नोंदविण्यात आली, आणि गेंड्याच्या पोशाखातील धावपटू हीच तिची ओळख बनली. नाटकात माणूस गेंडा होतो तो विचार सोडून दिल्यामुळे; येथे त्याने गेंडा व्हायचे ते दुसऱ्याचा विचार केल्यामुळे. त्याच वर्षी विनोदी कादंबरीकार डग्लस ॲडम्स काही साथीदारांसह किलिमांजारो पर्वतावर चढायला निघाले, आणि तो पोशाख मंडळींनी आळीपाळीने अंगावर वागविला.

या धावण्यातून पैसा कसा उभा राहतो, तेही पाहू. लंडनच्या शर्यतीत भाग घेऊ इच्छिणाऱ्यांची संख्या जागांच्या कित्येक पट असते. सेवाभावी संस्था काही जागा आधीच पैसे भरून राखून ठेवतात. ज्याला अशी जागा हवी त्याने ठराविक रक्कम जमवून देण्याचे वचन द्यायचे. मग तो नातलग, शेजारी, कचेरीतील सहकारी यांच्याकडे जातो. देणारे बहुधा गेंड्यासाठी देत नाहीत; ते या आपल्या माणसाच्या शब्दासाठी देतात. त्याने शर्यत पूर्ण करणे ही त्या शब्दाची पूर्तता असते. आपल्याकडील नवसाचे पायी चालणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा व्यवहार लगेच उमगेल. शरीराने काही सोसले म्हणजे शब्दाला वजन येते, ही जाण दोन्हीकडे सारखीच आहे. फरक एवढाच की येथे देवाऐवजी दूरच्या एका मुक्या प्राण्याशी बांधिलकी असते. १९८१ पासून लंडनच्या शर्यतीतून सर्व प्रकारच्या कामांसाठी मिळून एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली आहे.

आणि हा पैसा जातो कोठे? त्याचे एक उदाहरण नामिबियातील. त्या देशाच्या वायव्येला कुनेने हा रखरखीत प्रदेश आहे. तेथे कुंपणाबाहेर, राष्ट्रीय उद्यानाबाहेर, मोकळ्या रानात काळे गेंडे फिरतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्लाइथ लूटिट या बाईंनी तेथे रक्षणाचे काम सुरू केले. स्थानिक माणसेच पागी म्हणून नेमली गेली. ती दिवसचे दिवस पायी हिंडून पावलांचे ठसे काढतात, प्रत्येक गेंड्याची नोंद ठेवतात. लंडनच्या संस्थेची मदत या कामाला वर्षानुवर्षे मिळत आली आहे. पाग्यांचे पगार, बूट, पाणी, गाडीचे इंधन, बिनतारी यंत्रे, असा हा साधा खर्च. म्हणजे एका शहरात कोणी तरी एक दिवस धावतो, त्यामुळे दुसऱ्या खंडात कोणी तरी वर्षभर चालू शकतो. गेंड्याचा खरा राखणदार हा चालणाराच होय. धावणारा त्याचा निरोप्या आहे, आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा आहे.

निरोप पोहोचला का, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. काळा गेंडा २,४०० वरून सहा हजारांच्या पुढे गेला आहे. भारतीय गेंडा आज चार हजारांवर आहे; २०२२ च्या गणनेत एकट्या काझीरंग्यात २,६१३ गेंडे मोजले गेले. हे यश वनरक्षकांचे, सरकारांचे, स्थानिक लोकांचे आणि देणगीदारांचे मिळून आहे. त्यातला धावपटूंचा वाटा लहान. दुसरी बाजूही तितकीच खरी. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये शिकारीत १३ गेंडे मारले गेले होते. २०१४ मध्ये १,२१५. शर्यती चालू होत्या, देणग्या येत होत्या, तरी शिंगाचा भाव त्यांहून बलवान ठरला. डग्लस ॲडम्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाईरमध्ये जाऊन जे उत्तरेकडील पांढरे गेंडे पाहिले, ते तेव्हा वीस-बावीस उरले होते. त्यांच्यातील सुदान हा शेवटचा नर केनियात १९ मार्च २०१८ रोजी मरण पावला, आणि मागे केवळ दोन माद्या उरल्या. तेथे निरोप उशिरा पोहोचला.

या प्रकारावर आक्षेपही घेतले जातात, आणि ते टाकाऊ नाहीत. पर्यावरणासाठी धावायचे आणि वाटेवर पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचा खच पाडायचा, दूरदेशांहून विमानाने यायचे, यातील विसंगती उघड आहे. लंडनच्या संयोजकांनी २०१९ मध्ये एका ठिकाणी बाटल्यांऐवजी समुद्रशेवाळापासून बनविलेल्या, खाता येण्याजोग्या पिशव्यांतून पेय दिले. सुरुवात लहान असली तरी दोष मान्य झाला. अधिक गंभीर आक्षेप दुसरा आहे. पैसा नेहमी दिसणाऱ्या प्राण्याकडे जातो. गेंड्याचा पोशाख होतो, वाघाचा होतो; गवताचा, बेडकाचा, ओसाड माळाचा पोशाख कोण घालणार?

आपल्या देशात मुंबईची मॅरेथॉन फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाली, आणि तिच्याद्वारेही शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशा कामांसाठी आजवर शेकडो कोटी रुपये उभे राहिले आहेत. पण आपल्या पायांचा याहून जुना दाखला पश्चिम घाट बचाव पदयात्रेचा आहे. १ नोव्हेंबर १९८७ रोजी एक तुकडी उत्तरेला नवापूरहून आणि दुसरी दक्षिणेला कन्याकुमारीहून निघाली. सह्याद्रीच्या कडेकडेने गावोगाव थांबत, जंगलतोड आणि धरणे यांविषयी लोकांशी बोलत, फेब्रुवारी १९८८ च्या आरंभी ती मंडळी गोव्यात फोंड्याजवळ रामनाथी येथे भेटली. त्या यात्रेत शर्यत नव्हती आणि निधी हे मुख्य उद्दिष्टही नव्हते. ते निव्वळ निरोप पोहोचविणे होते. बेळगाव-गोव्याकडील आपल्या वाचकांपैकी काहींना ती यात्रा आठवतही असेल.

म्हणून शेवटी एका पक्ष्याविषयी लिहावेसे वाटते. माळढोक हा आपल्या माळरानांचा राजा. सोलापूरजवळ नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखात, शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथे १९८१ मध्ये. १९९० च्या दशकात करेऱ्यातून तो दिसेनासा झाला. नान्नजला त्याचे दर्शन दुर्मीळ होत गेले. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आडव्या आल्या, आणि आज रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात. गेंडा शंभर वर्षांपूर्वी ज्या कड्यावर उभा होता, तेथे आज हा पक्षी उभा आहे. ज्या प्रदेशांतून तो नाहीसा झाला, ते सोलापूर आणि ग्वाल्हेर आपल्याच घराण्यांच्या वस्तीचे. आपण मंदिरे बांधली, वाचनालये चालविली, नाट्यगृहे उभारली, आणि त्यासाठी दारोदार वर्गणीही मागितली. माळासाठी मात्र आपल्यापैकी कोणी कोणाच्या दाराशी गेल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

हेरोडोटसने फिडिपिडीसच्या कथेचा शेवटही सांगून ठेवला आहे. पौर्णिमा झाली, तसे स्पार्टाचे दोन हजार सैनिक मोठ्या वेगाने कूच करीत आले. पण तोवर लढाई संपली होती. मॅरेथॉनच्या मैदानावर पडलेली प्रेते त्यांनी पाहिली, अथेन्सच्या लोकांची वाखाणणी केली, आणि ते घरी परतले. सुदैवाने अथेन्स त्यांच्यावाचून जिंकले होते. माळढोकाचे तसे होईल, असे मानण्यास काही आधार नाही. धावत आलेल्या निरोप्याला पौर्णिमेपर्यंत थांब असे सांगायचे की नाही, हे ज्याच्या दाराशी तो येतो त्यानेच ठरवायचे असते.